‘आमचं बँक खातं बदललंय’: ईमेलवरून होणारी पेमेंटची फसवणूक समजून घेऊया

डिजिटल अरेस्ट, ओटीपी, शेअर ट्रेडिंगचे बोगस ग्रुप यांच्या बातम्या रोज येतात आणि लोकही आता बऱ्यापैकी सावध झाले आहेत. पण एका प्रकाराबद्दल अजून फारसं बोललं जात नाही. त्यात कुणी धमकावत नाही, कुणी ओटीपी मागत नाही. नेहमीच्या पार्टीचा नेहमीसारखा मेल येतो. बिल खरं असतं, रक्कम बरोबर असते, मालही खरोखर ठरलेला असतो. बदललेला असतो तो फक्त खाते क्रमांक. अकौंटंट आरटीजीएस करतो किंवा बँकेत परदेशी पेमेंटचा अर्ज देतो आणि पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात जाऊन पडतात. पुढे कधीतरी खऱ्या पार्टीचा फोन येतो, ‘पेमेंट कधी करताय?’ तेव्हा कुठे पायाखालची जमीन सरकते.

कोल्हापूरला हा विषय लांबचा नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्र्या परदेशात कास्टिंग पाठवतात. इचलकरंजीत परदेशातून माग येतात. हुपरीचे चांदीचे दागिने, गूळ, चपला यांचेही व्यवहार बाहेरच्या व्यापाऱ्यांशी होतात. ऑर्डर ईमेलवर, प्रोफॉर्मा (माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल) ईमेलवर, बँकेचा तपशीलही ईमेलवर. आणि छोट्या कारखान्यात हे सगळं सांभाळणारा माणूस बहुधा एकच असतो.

पोलिसांच्या आणि बँकांच्या भाषेत याला ‘बिझनेस ईमेल कॉम्प्रमाइज’ म्हणतात. म्हणजे धंद्याच्या पत्रव्यवहारात घुसून पैसे वळवणं. मी इथे त्याला साधं ‘मेलची फसवणूक’ म्हणेन. परदेशी पैसे पाठवण्याला इंग्रजीत ‘वायर ट्रान्सफर’ म्हणतात, पण आपल्याकडे बाजारात ‘टीटी’ हाच शब्द चालतो, तोच वापरू.

मेलवर नाव दिसलं म्हणजे ओळख पटली का?

नाही. पाकिटाच्या मागे ‘प्रेषक’ म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, पोस्टमन ते तपासायला थांबत नाही. ईमेलची मूळ रचनाही अशीच विश्वासावर उभी आहे. मोबाईलवर मेल उघडला की वर नुसतं नाव दिसतं, पूर्ण पत्ता दिसायला नावावर बोट दाबावं लागतं. किती जण दाबतात?

पत्ता पाहिला तरी डोळा फसू शकतो. इंग्रजीतला आर आणि एन एकाला एक लागून आले की एम वाटतो. छोटा एल आणि आकडा एक यांत फरक कळत नाही. कंपनीच्या नावात एखादी आडवी रेघ घुसवली किंवा शेवटच्या ‘डॉट कॉम’ऐवजी ‘डॉट को’ केलं, तरी घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. असं मिळतंजुळतं डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यातला ॲटच्या चिन्हानंतरचा भाग, नोंदवायला ओळख-पाळख लागत नाही आणि खर्चही किरकोळ येतो.

खोटा पत्ता ओळखायला तांत्रिक तपासण्या आहेत. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ दाबलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन चाचण्यांपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेलं दिसतं. ‘फेल’ असेल तर थांबायलाच हवं. पण ‘पास’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मेल त्या डोमेनवरूनच आला, एवढंच त्यातून कळतं. ते डोमेनच भामट्याचं असेल तर तोही पास होणार.

खरीच मेलपेटी फुटली असेल तर?

हा प्रकार सगळ्यांत घातक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात साधीच असते. ‘नवीन परचेस ऑर्डर जोडली आहे, पाहण्यासाठी लॉगिन करा’ असा मेल येतो. ऑर्डर म्हटलं की कारखान्यात कुणीही उघडणारच. समोर ओळखीचं लॉगिन पान येतं, त्यात पासवर्ड टाकला जातो, पान बंद पडतं आणि आपण कामाला लागतो. तो पासवर्ड तिकडे पोचलेला असतो.

त्यानंतर बरेच दिवस काहीच घडत नाही. तो माणूस मेलपेटीत बसून वाचत असतो. कोण कुणाला किती पैसे देणं आहे, ॲडव्हान्स किती गेला, कंटेनर कधी निघणार, बॅलन्स पेमेंट कधीचं, मालक मेलच्या शेवटी ‘रिगार्ड्स’ लिहितात की ‘थँक्स’, हे सगळं त्याला समजतं. मग तो मेलपेटीत एक नियम लावून ठेवतो. अमुक पार्टीकडून आलेला किंवा ‘पेमेंट’, ‘इनव्हॉइस’, ‘बँक’ हे शब्द असलेला मेल इनबॉक्समध्ये न येता कुठल्यातरी कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये जातो आणि त्याची प्रत बाहेरच्या पत्त्यावर रवाना होते. म्हणजे खरी पार्टी ‘असं काही बदललेलं नाही’ म्हणून ओरडून सांगत असली तरी तिचा मेल तुम्हाला दिसतच नाही.

आणि नेमक्या पेमेंटच्या वेळी, त्याच जुन्या पत्रव्यवहाराच्या साखळीत, त्याचा मेल येतो. कारणं ठरलेली असतात: ‘आमच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे’, ‘कराच्या अडचणीमुळे या खात्यात सध्या पैसे घेता येत नाहीत’, ‘ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीच्या नावे पाठवा’. सोबत खऱ्याच बिलाची पीडीएफ असते, शिक्का आणि सहीसकट. त्यातली बँकेची ओळ तेवढी बदललेली असते.

तुमची मेलपेटी अशी फुटली आहे का, हे पाहायला संगणकाचा माणूस बोलवावा लागत नाही. जीमेल संगणकावर उघडा. सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’ आणि ‘फॉरवर्डिंग’ अशी दोन पानं आहेत. तुम्ही लावला नसलेला नियम किंवा अनोळखी पत्ता तिथे दिसला, तर घरात कुणीतरी आहे असं समजा. इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे ‘डिटेल्स’ अशी बारीक अक्षरं असतात. ती दाबली की खातं अलीकडे कुठून-कुठून उघडलं गेलं ते दिसतं. आउटलुकमध्ये हेच ‘रूल्स’खाली सापडेल. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. तो नियम तसाच राहिला तर प्रती जातच राहतात. नियम काढा, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर मोबाईलवरचा कोडही मागणारी सोय, सुरू करा.

एक कळकळीची विनंती. ऑफिसमधल्या पाच जणांनी एकच मेल आयडी आणि एकच पासवर्ड वापरायचा, ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती आधी थांबवा. टू-स्टेपचा कोड कुणाच्या मोबाईलवर घ्यायचा हा प्रश्न येतो म्हणून तो सुरूच केला जात नाही, आणि चोराचं काम सोपं होतं.

बँकेला नाव आणि नंबर जुळत नाही हे दिसत नाही का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि त्याचं उत्तर ऐकून हादरतो. आपल्याकडे आरटीजीएस आणि एनईएफटीचे पैसे वर्षानुवर्षं खाते क्रमांकावरच जमा होत आले आहेत. तुम्ही नावाच्या रकान्यात खऱ्या पार्टीचं नाव लिहिलं आणि नंबर तिसऱ्याचा टाकला, तर पैसे नंबर ज्याचा त्याला जातात.

यात एक चांगला बदल झाला आहे. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी आदेश काढून सर्व संबंधित बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत नाव दाखवण्याची सोय द्यायला सांगितलं. नेट बँकिंगवर नवीन लाभार्थी जोडताना खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की त्या खात्याच्या धारकाचं नाव दिसतं. शाखेत जाऊन पैसे पाठवणाऱ्यालाही ते विचारता येतं. ही सोय वापरा आणि दिसलेलं नाव अक्षरन् अक्षर वाचा. कास्ट आयर्नचा स्क्रॅप देणाऱ्या कंपनीच्या जागी एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं, तर पुढचं बटण दाबू नका.

पण ही सोय देशातल्या व्यवहारांसाठी आहे. परदेशी टीटीला तिचा आधार नाही. टीटी ‘स्विफ्ट’मार्फत जाते आणि स्विफ्ट म्हणजे बँकांनी एकमेकींना निरोप पाठवण्याचं जाळं. निरोपात जे खातं लिहिलं तिकडे पैसे निघाले.

तरी टीटीच्या अर्जावर दोन गोष्टी कुणालाही तपासता येतात. स्विफ्ट कोडमधलं पाचवं आणि सहावं अक्षर देशाचं असतं. जर्मनीसाठी डीई, इटलीसाठी आयटी, भारतासाठी आयएन. युरोपातल्या खात्यांना आयबॅन नावाचा लांबलचक क्रमांक असतो, त्याची पहिली दोन अक्षरंही देशाचीच. इटलीतल्या कारखान्याकडून माग घेताय आणि नव्या खात्याचा आयबॅन दुसऱ्याच देशाच्या अक्षरांनी सुरू होतोय, तर तिथेच थांबा. कंपनी एका देशात, खातं दुसऱ्या देशात असं कधीकधी खरंही असतं, पण ते मेलवर मान्य करायची गोष्ट नाही.

आम्ही एवढे छोटे, आमच्यामागे कोण लागतंय?

मोठमोठ्या कंपन्या फसल्याच्या बातम्या येतात म्हणून असं वाटतं. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासाउस्कासने तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या खऱ्या पुरवठादाराचं सोंग घेऊन फेसबुक आणि गूगलकडून दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्या दाराशी जगातले सगळ्यांत हुशार संगणक अभियंते बसतात, त्यांना तो बनावट बिलं पाठवत राहिला आणि ती मंजूर होत राहिली.

पण फसणारे सगळे एवढे मोठे नसतात. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात मेलच्या फसवणुकीच्या २१,४८९ तक्रारी आल्या आणि नुकसान २९० कोटी डॉलरच्या वर होतं. भागाकार केला तर एका तक्रारीमागे साधारण सव्वा लाख डॉलरच्या वर रक्कम येते. एका चांगल्या कंटेनरच्या बिलाएवढी म्हणा. छोट्या कारखान्यात तर चोराची आणखी सोय असते, कारण तिथे बिल तपासणारा, पेमेंट टाकणारा आणि मेल वाचणारा एकच असतो. दोन सह्यांची पद्धत असली तरी मालक कोऱ्या अर्जावर आधीच सही करून गेलेले असतात.

आणि हे कारखानदारांपुरतं नाही. मुलीच्या परदेशातल्या विद्यापीठाची फी भरणारे पालकही अशाच मेलवर अवलंबून असतात.

मग करायचं काय? एक फोन, पण नीट

सगळ्या उपायांत एक उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. खातं बदलल्याचा किंवा नवीन खात्याचा मेल आला की आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करायचा आणि बोलणं होईपर्यंत एक रुपयाही पाठवायचा नाही. रक्कम लहान असो, पार्टी वीस वर्षांची असो, घाई कितीही असो.

हा फोन चुकीच्या पद्धतीने केला तर निरुपयोगी ठरतो. मेलच्या खाली सहीत जो नंबर दिलाय त्यावर करू नका, तो चोराचा असू शकतो. जुन्या करारावरचा, व्हिजिटिंग कार्डावरचा, फोनमध्ये आधीच साठवलेला नंबर घ्या. ‘काय भाऊ, तुमच्याकडूनच मेल आलाय ना?’ एवढंच विचारू नका. समोरचा कामात असतो, आदल्या दिवशी त्यानेही कसलातरी मेल पाठवलेला असतो, तो ‘हो हो’ म्हणतो. त्यालाच खाते क्रमांक सांगायला लावा: ‘मी लिहून घेतो, तुम्ही वाचा.’ मग तो आपल्या मेलमधल्या आकड्यांशी जुळवा. तुम्ही वाचून दाखवायचं आणि त्याने हुंकार द्यायचा, हे उलटं झालं.

फोन झाला की कुणाशी, कधी, कुठल्या नंबरवर बोलणं झालं हे त्या बिलावरच लिहून ठेवा. पुढे वाद झाला तर हीच ओळ कामाला येते.

मेलला उलट मेल करून खात्री करणं म्हणजे चोरालाच ‘तू चोर आहेस का’ विचारणं. त्याच साखळीत ‘रिप्लाय’ दाबलं की उत्तर त्याच्याकडेच जातं आणि तो अगदी सौजन्याने खात्री देतो.

पार्टीला राग येणार नाही का?

पहिल्यांदा थोडं अवघडल्यासारखं होईल, खरं आहे. म्हणून हे आधीच सांगून ठेवावं. तुम्ही निर्यातदार असाल तर प्रत्येक प्रोफॉर्मावर आणि बिलावर एक ओळ छापा: आमचं बँक खातं बदलल्याचं आम्ही ईमेलने कधीही कळवत नाही, असा मेल आल्यास पेमेंट थांबवून अमुक नंबरवर फोन करा. परदेशी खरेदीदाराला ही ओळ आवडते असाच माझा अंदाज आहे, कारण पैसे त्याचेही वाचतात.

निर्यातदाराचं दुखणं वेगळंच असतं, त्याकडे फार कमी लोक पाहतात. फसतो खरेदीदार, पण भोगावं दोघांना लागतं. तिकडचा म्हणतो, ‘मेल तुमच्याच आयडीवरून आला, मी पैसे दिले.’ इकडचा म्हणतो, ‘माझ्या खात्यात काही आलं नाही.’ माल तर जहाजातून उतरलेला असतो. बँकेच्या नोंदीत ते शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा कागद, उघडंच राहतं, आणि निर्यातीची रक्कम मुदतीत आली नाही तर घेतलेला ड्रॉबॅकही (निर्यातदाराला सरकारकडून परत मिळालेलं शुल्क) परत मागितला जाऊ शकतो. नुकसान कुणी सोसायचं हे करारात लिहिलेलं नसेल तर वर्षानुवर्षांचे संबंध त्या एका पेमेंटवर तुटतात.

आणि फोनवर मालकांचाच आवाज असेल तर?

दुसरा प्रकार असा, की मेल पार्टीच्या नावे न येता मालकांच्या नावे येतो. ‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको, ही रक्कम लगेच पाठव, कुणाशी बोलू नको.’ आता त्याला आवाजाची आणि चित्राचीही जोड मिळाली आहे. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये आपल्या वित्त प्रमुखाला आणि सहकाऱ्यांना पाहिलं, ऐकलं, आणि सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. मीटिंगमधली माणसं संगणकाने तयार केलेली होती.

इथे उपाय मालकांच्या हातात आहे. त्यांनी अकौंटंटला सगळ्यांसमोर सांगायला हवं: ‘माझ्या नावाने आलेला पेमेंटचा निरोप तू माझ्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावून विचारल्याशिवाय पाळायचा नाही. मी चिडलो तरी नाही.’ हे तोंडाने सांगितलेलं नसेल तर वीस हजार पगाराचा पोरगा मालकांना उलट प्रश्न विचारायला धजत नाही. मग पैसे गेल्यावर सगळा राग त्याच्यावर निघतो. मला हे अन्यायाचं वाटतं. प्रश्न विचारायची मुभा ज्याला दिली नाही, त्याला दोष कसा द्यायचा?

पैसे गेलेच तर

पहिले तास सर्वांत महत्त्वाचे. पैसे ज्या खात्यात जातात ते बहुधा ‘म्यूल’ खातं असतं, म्हणजे कमिशनवर दुसऱ्याला वापरायला दिलेलं. तिथून रक्कम तुकड्यांनी भराभर पुढे सरकते. देशातल्या खात्यात गेली असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला नंबर, हाताशी ठेवा. त्या व्यवस्थेतून पुढच्या बँकांना रक्कम रोखायला सांगितलं जातं. ‘उद्या सी.ए. साहेबांना विचारून बघू’ यात रात्र घालवू नका.

टीटी असेल तर आपल्या बँकेच्या फॉरेक्स विभागाला लेखी द्या की व्यवहार फसवणुकीचा आहे, स्विफ्टवरून रक्कम परत मागवा आणि समोरच्या बँकेला खातं गोठवायची विनंती करा. समोरची बँक ऐकेलच असं नाही, पण पैसे अजून खात्यात असतील तर शक्यता चांगली असते. फसलेला खरेदीदार अमेरिकेतला असेल तर त्याला त्याच्या बँकेकडे आणि एफबीआयच्या आयसीथ्री पोर्टलवर तातडीने तक्रार करायला सांगा. तिथे परदेशात गेलेले पैसे अडवण्याची यंत्रणा ७२ तासांच्या आतल्या तक्रारींसाठी आहे.

परत मिळतात का? मिळतात, वेळेत हालचाल झाली तर. २०२४ च्या जुलैमध्ये सिंगापूरच्या एका कमोडिटी कंपनीला पुरवठादाराच्या नावे मेल आला की थकीत पेमेंट पूर्व तिमोरमधल्या नव्या खात्यात पाठवा. पत्त्याचं स्पेलिंग किंचित वेगळं होतं. १९ जुलैला ४.२३ कोटी डॉलर गेले. चार दिवसांनी खऱ्या पुरवठादाराने पैसे मिळाले नसल्याचं सांगितलं. कंपनीने पोलिसांत धाव घेतली, इंटरपोलमार्फत तिमोरच्या अधिकाऱ्यांना निरोप गेला आणि ४ कोटी डॉलरहून जास्त रक्कम वाचली. इंटरपोलची ही आय-ग्रिप नावाची व्यवस्था नेमकी अशाच कामासाठी आहे. पण ती पोलिसांमार्फत चालते, त्यामुळे तक्रार आधी हवी.

बँकेकडून भरपाईची आशा फार धरू नका. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलेल्या अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण देतो. इथे मात्र पेमेंट तुम्हीच, तुमच्याच सहीने केलेलं असतं.

तक्रारीसाठी सायबर पोलीस ठाण्यात जाताना तो मेल डिलीट करू नका, कितीही संताप आला तरी. फॉरवर्ड केलेली प्रत किंवा मोबाईलचा स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण मेल कुठल्या सर्व्हरवरून किती वाजता निघाला हे त्यात उतरत नाही. संगणकावर मेल उघडून ‘डाउनलोड मेसेज’ करा, ती फाईल पेनड्राइव्हवर घ्या. सोबत खरं बिल, बदललेलं बिल, बँकेची पावती आणि पेटीतल्या त्या चोरट्या नियमाचं चित्र ठेवा. आणि पोलिसांकडे जायच्या आधी तुमच्या बाकीच्या सगळ्या पार्ट्यांना फोन करा. मेलपेटीतल्या माणसाने त्यांची बिलंही वाचलेली आहेत आणि त्यांच्यापैकी कुणाचं तरी पेमेंट याच आठवड्यात असू शकतं.